कोट काढायची घाई नको

२ नोव्हेंबर

आजपासून लिहायला लागलो आहे, कारण घरात बोलायला कुणी नाही आणि भिंतीशी बोलणारा माणूस फार काळ शहाणा राहत नाही.

झालं असं. दर वर्षी थंडी जमायच्या आत आमच्या इमारतीच्या दाराशी असलेल्या फळ्यावर मी खडूनं हिवाळ्याच्या सूचना लिहितो. यंदाची पहिली सूचना होती: ‘रस्ता ओला दिसतो तिथं पाणी नसतं, बर्फाची काच असते. बदकासारखी छोटी पावलं टाका.’ लिहून झाल्यावर अक्षर कसं दिसतंय ते बघायला मागं सरलो आणि त्याच काचेवरून आडवा झालो. गुडघ्याची वाटी तडकली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. सहाव्या मजल्यावरच्या यानताई बाजारातून येत होत्या. मला हात द्यायच्या आधी त्यांनी फळ्यावरची सूचना मोठ्यानं वाचून दाखवली. त्या बाईची जीभ उणे तीसलाही गोठत नाही.

तर मी, लुआन दशुन, हीटिंग कंपनीतून निवृत्त झालेला, अर्ध्या हारबिन शहरातल्या घरांना ऊब पोचवलेला माणूस, पायाला प्लास्टर घालून सातव्या मजल्यावर पडून आहे. लिफ्ट नाही. कंपनीतल्या पोरांनी खुर्चीत बसवून वर आणलं. डॉक्टर म्हणाले, जिना विसरा. बायको असती तर दिवसभर भांडलो तरी असतो.

९ नोव्हेंबर

घरात सोळा अंश. माझं घर वरच्या मजल्याचं, टोकाचं, दोन भिंती उघड्या वाऱ्यावर. दिव्याखाली अंधार तो हाच. घर तापवणाऱ्या रेडिएटरमधली हवा काढली, तासभर बरं वाटलं, पुन्हा तेच. घरातही जाडजूड जाकीट घालून बसतो.

लेकीचा फोन. फेईफेई दक्षिणेत, सान्याला असते. तिकडं आपल्याच उत्तरेकडच्या म्हाताऱ्यांना ती छोटं हॉटेल चालवून जेवू घालते, जे थंडी पडली की पक्ष्यांसारखे उडून समुद्रकाठी जातात आणि तिथं बसून आपल्या गावच्या थंडीच्या गप्पा मारतात. तिचं एकच पालुपद, बाबा, इकडं या. मी म्हटलं, घामानं मरण्यापेक्षा थंडीनं मरेन. त्यावर ती म्हणाली, मग निदान कुणालातरी सोबत ठेवा. धाकट्या खोलीची जाहिरात तिनं फोनवर टाकूनही दिली होती: भाडं निम्मं, बदल्यात बाजारहाट करायचा. मला विचारायची पद्धत आमच्या घरातून केव्हाच गेली.

१२ नोव्हेंबर

भाडेकरू आली. च्वांग यिंग, दक्षिणेच्या फूजियान प्रांतातली, समुद्रकाठची. वय सव्वीस-सत्तावीस. पायात कापडी बूट आणि अंगात जे होतं त्याला तिकडं कोट म्हणत असतील. सात मजले चढून आली ती दारातच टेकली. एका दुकानाकडं फोनवरून तक्रारी येतात, त्यांना गोड उत्तरं द्यायचं काम ती घरबसल्या करते. मी म्हटलं, मग माझंही निभेल.

लगेच पाठ सुरू केला. अंगालगत सुती घालू नये, घाम धरतं. बूट एक माप मोठे घ्यावेत, बोटं हलली पाहिजेत. फोन आतल्या खिशात, छातीशी. बोटं बधिर झाली तर गरम पाण्यात घालू नयेत. बाहेरचं लोखंड उघड्या हातानं धरू नये. पोरगी मन लावून ऐकत होती. मग तिनं विचारलं, “लुआनकाका, इथं माणसं जाड कोट कधीपर्यंत घालतात?”

इतका मुद्देसूद प्रश्न मला आमच्या इमारतीत आजवर कुणी विचारला नव्हता. म्हटलं, एप्रिल लागेपर्यंत तरी. तिनं बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाली, बरं झालं. थंडीला घाबरत नाही, पोरगी कामाची आहे.

बायकोचा जुना कापूस भरलेला कोट तिला दिला. गुडघ्यापर्यंत येतो. आत दोघी मावतील एवढा ऐसपैस आहे.

२३ नोव्हेंबर

यिंग फार लवकर आमच्यातली झाली. बाल्कनीतल्या रांजणात मी दर वर्षी कोबी आंबवतो, वर दगड ठेवून. यंदा यानताईंनी येऊन घातला, कारण मला वाकता येत नव्हतं. अजून पुरता मुरलाही नाही, आणि ही पोरगी दगड बाजूला सारून आतला गाभा तसाच कच्चा खाते. काल स्वैपाकघरात उभ्याउभ्यानं निम्मा गड्डा संपवला. मी इतका खूश झालो की लेकीला फोन करून सांगितलं, तुझ्याहून ही खरी उत्तरेकडची.

फक्त तेलाच्या फोडणीचा वास तिला सोसत नाही. सकाळी मी अंडं तळायला टाकलं तर तोंडावर हात धरून पळाली. दक्षिणेकडच्यांची पोटं नाजूक. थंड गावात आलं की पोट आधी आकसतं, मग महिनाभरात ताळ्यावर येतं. आल्याचं पाणी गूळ घालून द्यायला लागलो आहे.

४ डिसेंबर

आज अपमान झाला. माझा नाही, पण आमच्या शहराचा.

यानताई दर सोमवारी सार्वजनिक हमामात जातात. गरम हौद, मग बाकावर आडवं व्हायचं आणि अंग घासणारी बाई कातडं लाल होईपर्यंत घासून देते. हिवाळ्यात आम्ही लोक त्यावरच जगतो. त्या यिंगला न्यायला वर आल्या, चल, पाठीला पाठ घासू. यिंग नको म्हणाली. का, तर काम आहे. यानताई म्हणाल्या, काम बुडू दे. तर सर्दी आहे म्हणाली. मी सांगितलं की सर्दीवर हमामासारखं औषध नाही. शेवटी तिनं गळ्यापर्यंतची बटणं हातात घट्ट धरली आणि म्हणाली, “मला लोकांसमोर कपडे काढता येत नाहीत.”

कुणी कुणाकडं बघत नाही तिथं, मी म्हटलं. यानताई मात्र तिच्याकडं बघत होत्या. बराच वेळ. मग तशाच खाली गेल्या. नंतर कधी हमामाचा विषय काढला नाही. मला वाटलं रागावल्या, पण संध्याकाळी त्यांनी टोपलीभर अंडी पाठवली. बायकांचं काही सांगता येत नाही.

२२ डिसेंबर

आज सर्वांत लहान दिवस. ज्याओझ, म्हणजे आमच्या उकडीच्या करंज्या, आज खाल्ले नाहीत तर कान गळून पडतात, म्हणून दोघांनी मिळून कोबी-मांसाचं सारण भरून उकडले. यिंगच्या हातचे फुटतात.

प्लास्टर गेल्या आठवड्यात निघालं. पोरांनी खुर्चीवरून नेलं, आणलं. डॉक्टर म्हणतात, हाड जुळलं, आता हळूहळू जिना उतरायला लागा. आज प्रयत्न केला. सहाव्या मजल्याच्या वळणापर्यंत गेलो, कठडा धरला, खाली पाहिलं आणि पुढची पायरी उतरलोच नाही. परत आलो. यिंगला सांगितलं, गुडघा अजून कच्चा आहे.

इथं खोटं लिहून काय उपयोग. गुडघा ठीक आहे. मला भीती वाटते. साऱ्या शहराला बर्फावर चालायला शिकवणारा मी, आणि स्वतःच्या जिन्याला घाबरतो. खिडकीच्या फटींवर चिकटवलेल्या कागदी पट्ट्या दिवसभर बघत बसतो. आमच्याकडं हिवाळ्यात घरात दडून राहण्याला मांजरपण करणं म्हणतात. पण मांजराला बाहेर जाता येतं, त्याला जायचं नसतं.

६ जानेवारी

फेईफेईनं गिऱ्हाईक शोधलं आहे. घराला. फेब्रुवारीतलं आमचं नववर्ष झालं की घर विकायचं आणि मी कायमचा सान्याला. मी आरडाओरडा करायला हवा होता. केला नाही. थकलो आहे. ठीक आहे म्हणालो. लेक इतकी चकित झाली की तिनं दोनदा विचारून घेतलं.

यिंगला सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. हात थांबले.

“मेपर्यंत नाही का थांबता येणार, काका?”

तिला दुसरी खोली शोधायची काळजी, दुसरं काय. मी समजूत घातली. म्हटलं, मे तर फार लांब. एप्रिल संपेपर्यंत सगळं शहर कोट टाकून मोकळं होतं. फाटकाजवळच्या बाकावर बायका सूर्यफुलाच्या बिया फोडत बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याची चिरफाड करतात. तुझ्या वयाच्या मुली अंगाबरोबरचे झगे घालून नदीकाठी फिरतात. कुठंही खोली मिळेल, या गारठलेल्या कोपऱ्यात कशाला राहायचं. चांगलं चित्र रंगवून सांगितलं. ती उठून खोलीत गेली आणि जेवायला आली नाही.

मी वसंताची वाट बघतोय, आणि हिला त्याचं नाव काढलेलं चालत नाही. समुद्रकाठच्या माणसांना ऋतूंची कदर नसते.

१८ जानेवारी

आमच्या पंचांगातल्या बाराव्या महिन्याची अष्टमी. आमच्याकडं म्हण आहे, बाराव्याची सप्तमी-अष्टमी, हनुवटी गळून पडायची हमी. बाहेर उणे तेहतीस.

पाचव्या मजल्यावरचं सुंग कुटुंब ऑक्टोबरातच सान्याला उडालं. जाताना रेडिएटरचा व्हॉल्व्ह बंद करून गेले, काटकसर म्हणून. ही चूक फक्त आमचीच माणसं करतात. बाहेरच्याला व्हॉल्व्ह कुठं असतो तेच माहीत नसतं. दर वर्षी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहीत आलो: ‘पक्ष्यांनो, उडा, पण घर गरम ठेवून उडा.’ यंदा फळ्यावर पहिल्या सूचनेच्या पुढं काहीच नाही. पहाटे त्यांच्या घरातली नळी आतलं पाणी गोठून फुटली. कंपनीनं पाणी तोडेपर्यंत दाराखालून धार लागली आणि ती जिन्यावरून पार तळापर्यंत गेली. आता पाचव्यापासून खाली जिना नाही, गोठलेला ओढा आहे. खालचं लोखंडी दारही चौकटीला चिकटलं आहे.

खालच्या मजल्यांवरचे लोक कुऱ्हाडीनं फोडतायत, पण उद्या दुपारशिवाय वाट होणार नाही. मला काय फरक पडतो. मी नाहीतरी अडकलेलाच होतो, आता सोबत मिळाली. हे यिंगला विनोद म्हणून सांगितलं. ती हसली नाही. कमरेला हात लावून बसली होती.

१९ जानेवारी

सावकाश लिहितो, हात अजून धड चालत नाहीत.

सकाळी यिंग पोटात दुखतं म्हणून भिंत धरून उभी. मी म्हटलं, काल तीन गोठवलेल्या नासपती खाल्ल्यास, दुसरं काय होणार. मग तिचा चेहरा पाहिला. रुग्णवाहिकेला फोन केला. ते लोक खाली आले आणि खालीच थांबले. खालून कुऱ्हाडींचे आवाज येत होते.

स्वैपाकघरात कोबीसाठी आणलेलं खडेमीठ होतं, अर्धी गोणी. बाहेर उणे तेहतीसला मीठ फुकट जातं, पण जिन्यात फार तर उणे दहा असेल, तिथं ते काम करतं. गरम पाणी टाकलं असतं तर आणखी एक थर चढला असता. छिन्नी-हातोडा कमरेला खोचला, मिठाचा डबा मांडीवर घेतला आणि बसल्या बसल्या एकेक पायरी खाली सरकायला लागलो. उभं राहून जमलं नसतं. बसलेला माणूस कुठं पडणार.

सहाव्यावर यानताईंचं दार उघडलं. मी त्यांना म्हटलं, वर जा, पोरीजवळ बसा, नासपती बाधल्या आहेत.

“नासपती?” त्या म्हणाल्या. “अरे लुआन, तुझ्या डोक्याचं पाणी गोठलंय का? पाचवा महिना सरत आलाय तिचा. आंबवलेला कोबी काय ती तुझ्या हातच्या चवीसाठी खात होती?”

आणि वर निघून गेल्या.

मी डबा मांडीवर घेऊन पायरीवर बसलेला. कोबी, फोडणीचा वास, हमाम, गळ्यापर्यंतची बटणं, मेपर्यंत थांबता येईल का. सगळं एकाच वेळी समोर आलं. मी या पोरीला एप्रिलातल्या झग्यांचं वर्णन ऐकवलं होतं. मला स्वतःची लाज वाटली, आणि मग भीती वाटली, पण जिन्याची नाही. पाचव्यापर्यंत सरकलो आणि पहिल्या गोठलेल्या पायरीवर मीठ टाकलं.

खालून कुऱ्हाडवाले आणि वरून मी, तिसऱ्या मजल्यावर गाठ पडली. त्यांनी वर जाऊन तिला रजईत घालून, चौघांनी चार कोपरे धरून खाली आणलं. मी कठडा धरून मागोमाग. सगळ्यांना सांगितलं, आंत्रपुच्छाचं दुखणं आहे. लोकांनी मान डोलावली. आमच्या इमारतीतली माणसं भोळी आहेत.

रुग्णवाहिका गेली, यानताई तिच्याबरोबर. मग लक्षात आलं की मी रस्त्यावर उभा आहे, घरच्या चपलांत, आणि ऑक्टोबरनंतर पहिल्यांदा स्वतःच्या पायांवर आकाशाखाली आलो आहे. नाकातले केस गोठले. वर चढून यायला संध्याकाळ झाली.

२० जानेवारी

यानताईंचा फोन. बाळ ठीक आहे. तिला काही दिवस ठेवून घेणार. नंतरही पडून राहायचं, जिना नको.

बाळ, हा शब्द या घरात फार वर्षांनी उच्चारला.

२७ जानेवारी

यिंगला घरी आणलं. त्याच रजईतून वर चढवलं. सगळे गेल्यावर मी खुर्ची तिच्या पलंगाजवळ ओढली. आधी गोठवलेल्या नासपतींवरून झापलं. ती ऐकत राहिली. मग आपण होऊनच बोलली.

त्या माणसाचं दुसरीकडं लग्न होतं. हे तिला उशिरा कळलं. आईनं सांगितलं, मोकळी होऊन ये, नाहीतर येऊच नको.

“आमच्याकडं वर्षभर पातळ कपडे, काका. लपायला जागाच नसते. फोनवर तुमच्या शहराचे फोटो पाहिले. चालत्याबोलत्या गाद्या. म्हटलं, इथं एप्रिलपर्यंत कुणाला कळणार नाही.”

“आणि एप्रिलनंतर?”

“तेवढा विचार केला नव्हता.”

मग म्हणाली, चालता यायला लागलं की खोली शोधते, तुम्हाला सान्याला जायचंय. मी उठून रेडिएटरची हवा काढायला गेलो. काढायला हवा नव्हती, पण उठणं भाग होतं.

९ फेब्रुवारी

आमच्या पंचांगातल्या वर्षाची शेवटची संध्याकाळ. फेईफेईला फोनवर सांगितलं, घर विकत नाही. का ते तिनं विचारलं. सगळं सांगितलं. बराच वेळ ती बोलली. लोक काय म्हणतील, उद्या काही झालं तर जबाबदारी कुणाची, तिच्या घरचे दारात उभे राहिले तर.

“ती तुमची कोण लागते, बाबा?”

मी म्हटलं, ते माहीत नाही. पण ती नसती तर मी जिना उतरलो नसतो.

“मी इतकी वर्षं बोलावतेय,” लेक म्हणाली. “माझ्यासाठी नाही उतरलात.”

  तिच्या मागं हॉटेलातला गोंगाट ऐकू येत होता. शेवटी तिनं विचारलं, ती मासे खाते का, आणि मासे पाठवते म्हणून फोन ठेवला. आमच्याकडं म्हणतात, लेक म्हणजे आईबापाच्या अंगालगतचं कापसाचं जाकीट. मी ते कितीतरी हिवाळे समुद्रावर वाळत टाकून ठेवलं आहे.

६ मार्च

आता उलटं झालं आहे. ती पलंगावर, मी बाजारात. दिवसाआड सात मजले उतरतो आणि चढतो. गुडघा कुरकुरतो, मीही कुरकुरतो. खिडकीच्या पट्ट्या काढू का विचारलं, तर इतक्यात नको म्हणाली. बाहेरच्या पागोळ्या टपटपायला लागल्या की पडदा ओढून घेते. ही खोलीच तिचा कोट झाली आहे. पूर्वी मला या घरात कोंडल्यासारखं व्हायचं, आता मी बाहेरून येतो आणि कोंडलेलं माणूस बघतो. ते जास्त वाईट.

शेजारी मात्र माणुसकीचे निघाले. सकाळी दार उघडावं तर उंबऱ्याशी काहीतरी असतंच. अंडी, ज्वारीसारख्या बारीक दाण्याचं पिवळं धान्य, तांबडा गूळ, एकदा अख्खा कार्प मासा. माझ्या गुडघ्याची इतकी काळजी करतील असं वाटलं नव्हतं. मला गूळ आवडत नाही, तो यिंगला देतो.

८ एप्रिल

पंधरा अंश. फाटकाजवळचा बाक भरला. बिया फुटायला लागल्या.

शुक्रवारी यिंगला तपासणीला न्यायचं आहे. डॉक्टरांनी सावकाश उतरायला परवानगी दिली आहे. मागच्या दोन खेपांना रजईतून उतरवलं, अंगात कोट होता, अंगण बर्फाचं होतं, कुणी बाहेर नव्हतं. आज म्हणाली, जाणार नाही.

“हिवाळा संपला, काका. आता या उकाड्यात कोट घातला तरी बघतील आणि काढला तरी बघतील. नवरा कुठंय विचारतील. मी घरीच काय ते करते.”

घरीच काय करणार, मी ओरडलो. तपासणी चुकवायची नाही, डॉक्टरांनी बजावलंय, पोटात बाळ आडवं आहे. ती भिंतीकडं तोंड करून झोपली. मी किती तरी माणसांना थंडीपासून वाचवायच्या सूचना दिल्या. नजरेपासून वाचवायची एकही सूचना मला माहीत नाही.

९ एप्रिल

एक सुचली.

खाली गेलो, फळा पुसला आणि लिहिलं: ‘वसंतात पांघरून राहावं, शरदात गारठून घ्यावं. वाडवडलांनी हे उगाच सांगितलेलं नाही. जमिनीतली थंडी मेपर्यंत वर येत असते आणि सांध्यांत शिरते. जाड कोट काढायची घाई करू नये. लुआन, सातवा मजला. (माझा गुडघा आठवा.)’

बाकावरच्या बायकांनी वाचलं. चौथ्या मजल्यावरच्या बाईनं पंख्यासारखा वर्तमानपत्राचा कागद हलवत विचारलं, शुक्रवारी पण का? मी म्हटलं, शुक्रवारी तर नक्कीच, वारा फिरणार आहे. तिनं शेजारणीकडं पाहिलं. मी वर येताना यानताईंना बजावलं, यिंगबद्दल कुणाजवळ अवाक्षर काढू नका. त्या म्हणाल्या, मी कशाला बोलू, आणि दार लावून घेतलं.

फळ्यावरच्या सूचना आजवर कुणी पाळल्या नाहीत. पाचव्या मजल्याचा पुरावा आहे. यिंगला मात्र सांगितलं, आमच्याकडं ही रीतच आहे, मेपर्यंत सगळे कोट घालतात.

१२ एप्रिल

आज अठरा अंश. वारा फिरला नाही.

यिंगला कोटात घातलं, बटणं लावली, एकेक पायरी उतरलो. मी पुढं, ती मागं, तिचा हात माझ्या खांद्यावर. तळाशी येऊन मी लोखंडी दार ढकललं.

बाक भरलेला होता. सगळ्या कोटांत. यानताई त्यांच्या लाल जाड कोटात, कपाळावरून घाम गळतोय. चौथ्या मजल्यावरची बाई केसाळ कॉलर वर करून. रजईचे कोपरे धरणारे चौघं कोट-टोप्या घालून बुद्धिबळाच्या पटाशी. सान्याहून परवाच आलेले सुंगसाहेब, ते तर कानटोपीसह, उन्हानं रापलेलं तोंड लालेलाल. बिया फोडत, खेळत सगळे बसलेले आणि आमच्याकडं एकाचंही लक्ष नाही. असं निक्षून लक्ष नसलेली माणसं मी पाहिली नव्हती.

मला भरून आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा लोकांनी माझी सूचना पाळली. नीट कारण देऊन लिहिलं की पटतं, हा धडा मी घेतला. पुढच्या वर्षी व्हॉल्व्हचंही असंच लिहीन.

यिंग दारात उभी राहून सगळ्यांकडं बघत होती, एकेकाकडं. मला वाटलं, आता रडते. रडली नाही. अंगणाच्या मधोमध आली, हसायला लागली, आणि जिच्यासाठी हा सगळा खटाटोप केला त्या पोरीनं एकटीनंच माझं ऐकलं नाही. वरपासून खालपर्यंत कोटाची सगळी बटणं काढली, कोट हातावर घेतला आणि तशीच, आतल्या पातळ झग्यात, पोट पुढं करून सगळ्यांसमोरून चालत गेली.

मागून यानताईंचा आवाज आला, “सुटलो बाई,” आणि धडाधड बटणं निघायला लागली.

मी तिच्या मागं कोट घे, कोट घे म्हणत फाटकापर्यंत गेलो. सर्दी झाली म्हणजे कळेल. डॉक्टर म्हणाले, बाळ ठीक आहे, आता सरळ झालं आहे.